जुना जीमेल आयडी बदलता येईल, पण किल्ली कोणाकडे आहे?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुट्टी काढून पूर्णगडला घरी आलो होतो. कलमांना मोहोर धरायला लागलेला, सकाळी सातपासून फवारणीच्या पंपाची घरघर, आणि मोबाईलला धड रेंज हवी असेल तर पडवीच्या एका ठरावीक कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. त्या कोपऱ्यात उभा असतानाच कॉलेजच्या ग्रुपवर बातमी येऊन पडली: जीमेलचा पत्ता आता बदलता येणार.

पुढची दहा मिनिटं ग्रुपवर नुसता धुमाकूळ. प्रत्येकाने आपापला शाळेतला आयडी उघड केला. कोणाच्या नावापुढे ‘रॉकस्टार’, कोणाच्या नावामागे ‘स्वीट’. माझ्या आयडीत ‘दर्या’ आहे, ‘किंग’ आहे आणि शेवटी जन्मसाल आहे. पूर्ण सांगत नाही, कारण तो अजून चालतो आणि माझा पीएफ, विमा आणि एक बँक खातं त्याला जोडलेलं आहे. कॅम्पस मुलाखतीत समोरच्या मॅडमनी तो मोठ्याने वाचला होता. नोकरी मिळाली, पण पहिले सहा महिने ऑफिसात मला सगळे ‘किंग’ म्हणत होते.

आता आधी बातमीबद्दल, कारण तिच्यावर बरेच व्हिडिओ आलेत आणि त्यातले निम्मे भलतंच सांगतायत.

नेमकं काय बदललं?

आजवर ‘@जीमेल.कॉम’ने संपणारा पत्ता एकदा घेतला की तो कायमचा. नाव आवडत नसेल तर नवीन खातं उघडा, फोटो हलवा, कॉन्टॅक्ट हलवा, आणि दहा वर्षांचे मेल जुन्या खात्यात सोडून द्या. डिसेंबर २०२५ मध्ये गूगलच्या मदत पानाच्या हिंदी आवृत्तीत वेगळाच मजकूर दिसला. इंग्रजी पानावर तेव्हा जुनंच लिहिलेलं होतं. म्हणजे ही सोय आधी भारतात येणार, असा अंदाज लोकांनी बांधला. सोय हळूहळू सगळ्यांपर्यंत पोहोचेल असं त्या पानावर आहे, त्यामुळे तुमच्या फोनवर ती आज दिसेलच असं नाही. बघायचं असेल तर गूगल खात्यात ‘वैयक्तिक माहिती’, मग ‘ईमेल’, मग ‘गूगल खात्याचा ईमेल’. तिथे बदलण्याचा पर्याय असेल तर आला, नसेल तर थांबा. ‘लिंकवर क्लिक करा, लगेच सुरू करून देतो’ असा मेल किंवा मेसेज आला तर तो सरळ डिलीट करा.

नियम थोडक्यात असे आहेत. खातं तेच राहतं. मेल, फोटो, ड्राइव्ह कशालाही धक्का लागत नाही. जुना पत्ता मरत नाही. तो त्याच खात्याचा पर्यायी पत्ता होतो. दोन्ही पत्त्यांवर आलेला मेल एकाच इनबॉक्समध्ये पडतो आणि साइन-इन दोन्हीपैकी कुठल्याही पत्त्याने होतं. एकदा बदललं की पुढचे १२ महिने नवीन जीमेल पत्ता घेता येत नाही, आणि घेतलेला नवीन पत्ता काढून टाकता येत नाही. सगळे मिळून तीन वेळा बदल. म्हणजे एका खात्याला मूळ धरून जास्तीत जास्त चार नावं.

इथपर्यंत चांगलंच आहे. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकवाल्यांना यात नवल वाटणार नाही. तिथे एका खात्याला दहापर्यंत पर्यायी पत्ते जोडण्याची सोय आधीपासूनच आहे, आणि त्यातल्या कुठल्या पत्त्याने साइन-इन करता यावं आणि कुठल्याने नाही, हेही ठरवता येतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहे.

मी पडवीत उभा राहून हे सगळं वाचत होतो तेव्हा चुलत बहीण मागे येऊन उभी राहिली. ती बारावीला आहे. सीईटीचे फॉर्म तोंडावर आलेत. म्हणाली, “दादा, माझा पण बदलून दे ना. त्यात माझं नावच चुकलंय.”

खरंच चुकलं होतं. आडनावात एक अक्षर कमी. “असं कसं केलंस?” तर म्हणाली, “मी नाही केलं. दहावीनंतर फॉर्म भरायला गेलो ना, तिथे दुकानातल्या काकांनी बनवून दिला.”

आणि इथे मला बातमी विसरून खाली बसावं लागलं.

दुकानातला आयडी

तुम्ही गावातून किंवा छोट्या शहरातून शिकला असाल तर हे दुकान तुम्हाला माहीत आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, झेरॉक्स मशीन, भिंतीवर ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’. प्रवेशाचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा फॉर्म, उत्पन्नाचा दाखला, सगळं तिथेच. फॉर्ममध्ये ईमेलची चौकट असते, पोराकडे ईमेल नसतो, रांगेत मागे वीस जण असतात. दुकानदार दोन मिनिटांत एक आयडी तयार करतो, पासवर्ड वहीत लिहून ठेवतो, आणि गूगल फोन नंबर मागतं तेव्हा स्वतःचा नंबर टाकतो. पोराचा नंबर टाकला तर ओटीपी घरी वडिलांच्या फोनवर जाणार, वडील समुद्रावर, मग काम अडणार. यात त्याची बदमाशी नसते. मी त्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

पण आता बघा काय झालंय. त्याच आयडीवर माझ्या बहिणीच्या परीक्षांचे लॉगिन आहेत. शिष्यवृत्तीचे मेल तिथे येतात. कुठल्याही साइटवर ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की नवीन पासवर्डची लिंक तिथेच येते. आणि त्या खात्याचा रिकव्हरी फोन? दुकानदाराचा. उद्या तिने नाव सुधारून छान नवीन पत्ता घेतला, तरी तो नंबर तिथेच राहणार. दाराला नवा रंग, नवी पाटी, आणि किल्ली शेजाऱ्याकडे.

म्हणून माझं मत असं: नाव बदलण्याची ही सोय आली हे बरं झालं, पण बहुतेकांनी तिला दुसऱ्या नंबरवर ठेवावं. पहिला नंबर खात्याच्या ताब्याचा. गूगल खात्यात ‘सुरक्षा’मध्ये जा. रिकव्हरी फोन कोणाचा आहे, रिकव्हरी ईमेल कोणाचा आहे, आणि ‘तुमची डिव्हाइस’मध्ये ओळखीचं नसलेलं एखादं मशीन साइन-इन आहे का, हे तीन बघा. जीमेल ब्राउझरमध्ये उघडून सेटिंग्जमध्ये मेल दुसरीकडे फॉरवर्ड होत नाहीये ना, तेही बघून घ्या. मग पासवर्ड बदला आणि टू-स्टेप सुरू करा.

एक बारीक गोष्ट, जी मलाही उशिरा कळली. रिकव्हरी फोन बदलला की जुना नंबर त्याच क्षणी बाद होतोच असं नाही. पुढचे सात दिवस गूगल त्या जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. तुमचं खातं कोणी चोरून नंबर बदलला तर तुम्हाला परत येता यावं, यासाठी ती सोय आहे. पण उलट बाजूने तुम्हीच नंबर बदलत असाल तर तो आठवडा जाऊ द्या, आणि मग नावाकडे वळा.

दुकानदार सज्जन असला तरी धोका असतोच, कारण नंबर कायम त्याच माणसाकडे राहत नाही. रिचार्ज बंद पडलं, नंबर बंद झाला, की ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. २०२३ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयातही आला होता. घरोघरी जुन्या फोनच्या डब्यात पडलेली सिमकार्डं आठवा, आणि त्यातलं कुठलं कुठल्या खात्याला जोडलंय तेही.

पोस्टमनला काय माहीत असतं

‘एक पेटी, अनेक पत्ते’ ही भानगड चालते कशी, ते आता सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे मुंबईहून पत्र यायचं ते ‘मु. पो. पूर्णगड, ता. जि. रत्नागिरी’ असं. मुंबईतला पोस्टाचा माणूस गाव बघायचा आणि थैलीत टाकायचा. पत्रावर आजोबांचं पाळण्यातलं नाव आहे, शाळेतलं आहे की नुसतंच ‘तात्या’ आहे, याच्याशी त्याला काही घेणं नव्हतं. ते गावच्या पोस्टमनला माहीत. तिन्ही नावांची पत्रं तो आमच्याच पडवीत टाकणार.

ईमेलचं तसंच आहे. ‘@’च्या उजवीकडे गाव, डावीकडे नाव. २००८ च्या ‘आरएफसी ५३२१’ या नियमपत्रात, ज्यावर सगळ्या जगाची मेल चालते, स्पष्ट म्हटलंय की डावीकडच्या भागाचा अर्थ फक्त शेवटच्या सर्व्हरने लावायचा. मधल्या कोणी अक्कल चालवायची नाही. म्हणून जीमेलला हवं तर तो दोन नावं एकाच पेटीला जोडू शकतो, आणि पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

गोची इथेच होते. पोस्टमनला माहीत आहे की ‘तात्या’ आणि आजोबा एकच. बाकी जगाला माहीत नाही. तुम्ही जीमेलमध्ये नाव बदललंत तरी तुमच्या परीक्षा मंडळाच्या, बँकेच्या, शॉपिंग अ‍ॅपच्या नोंदीत जुनाच पत्ता आहे. मेल जुन्या पत्त्यावर पाठवला तरी येईल, ती काळजी नाही. पण लॉगिन करताना तुम्ही नवीन पत्ता टाकलात तर समोरची साइट म्हणेल, असं कोणी आमच्याकडे नाही.

‘साइन इन विथ गूगल’च्या बटणाने जिथे आत जाता, तिथे जास्त सांभाळून. हे माझ्या कामाचं क्षेत्र आहे म्हणून सांगतो. तुम्ही ते बटण दाबता तेव्हा गूगल समोरच्या साइटला दोन गोष्टी देतं: तुमच्या खात्याचा न बदलणारा क्रमांक, आणि तुमचा ईमेल. माणूस ओळखायचा तो क्रमांकावरून, ईमेलवरून नाही, असं गूगलच्याच डेव्हलपरसाठीच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे. पण घाईत बांधलेल्या साइटमध्ये माणूस ईमेलवरूनच ओळखला जातो (मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी असा कोड लिहिलाय, वरिष्ठांनी परत पाठवला). अशा साइटवर नवीन पत्त्याने गेलात तर तुमच्यासाठी कोरं करकरीत नवीन खातं उघडेल, आणि जुन्या ऑर्डरी, कोर्स, पैसे भरलेलं सबस्क्रिप्शन गायब दिसेल. गूगलच्या मदत पानानेही अशा साइट, क्रोमबुक आणि क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरणाऱ्यांना आधी काळजी घ्यायला सांगितलंय. त्यामुळे नाव बदलण्याआधी त्या बटणाने कुठे कुठे जाता त्याची यादी गूगल खात्यातच बघून घ्या, आणि जिथे पैसे अडकलेत तिथे वेगळा पासवर्ड ठेवून द्या.

आणखी एक, जुन्या नावाची सावली पूर्ण जात नाही. आधी तयार केलेल्या कॅलेंडरच्या नोंदींसारख्या काही ठिकाणी जुनंच नाव दिसत राहतं. ‘किंग’ काही सहजासहजी गादी सोडत नाही.

हे सगळं गूगलमुळे निदान एका पेटीत राहतं. पेटीच बदलली तर? ८ ऑक्टोबर २०२५ ला गृहमंत्री अमित शाह झोहो मेलवर गेले, तेव्हा त्यांनी एक्सवर जाहीर करून नवीन पत्ता देशाला कळवला. आपण जाहीर केलं तर आपल्या मावशीलाही कळणार नाही. म्हणून पेटी न बदलता नाव बदलणं हेच आपल्यासारख्यांना परवडतं.

टिंब आणि अधिकचं चिन्ह

तुम्हाला नवीन सोय मिळाली नसेल तरी जीमेलमध्ये जास्तीचे पत्ते आजही आहेत, फुकट आणि अमर्याद. नावातली टिंबं जीमेल मोजतच नाही. ‘अबक@जीमेल.कॉम’ आणि ‘अ.ब.क@जीमेल.कॉम’ एकच. शिवाय नावापुढे अधिकचं चिन्ह टाकून काहीही लिहा: ‘अबक+सीईटी@जीमेल.कॉम’, ‘अबक+पिझ्झा@जीमेल.कॉम’. (मी इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करा.) सगळे मेल तुमच्याच इनबॉक्समध्ये येतात, आणि ‘कोणाला’ या ओळीत तो पूर्ण पत्ता दिसतो.

उपयोग काय? समजा प्रवेशाच्या सगळ्या फॉर्ममध्ये ‘+सीईटी’ दिलं. मग एक फिल्टर लावायचा: या पत्त्यावर आलेल्या मेलला लाल लेबल, महत्त्वाचं, स्पॅममध्ये कधीच टाकू नको. परीक्षेच्या हंगामात तीनशे ऑफरांच्या ढिगात प्रवेशपत्राचा मेल हरवत नाही. फिल्टर मात्र जीमेलच्या अ‍ॅपमध्ये बनवता येत नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, ‘डेस्कटॉप साइट’ करा, अक्षरं मुंगीएवढी दिसतील, पण काम होतं. एकदा केलं की अ‍ॅपमध्येही लेबल लागत राहतं.

पण हे लपण्याचं साधन नाही, एवढं लक्षात घ्या. अधिकच्या चिन्हापासूनचा भाग काढून टाकायला दोन ओळींचा कोड लागतो, आणि खाली तुमचा खरा पत्ता उघडाच. शिवाय बऱ्याच साइटना हे चिन्ह पत्त्यात असू शकतं हेच मान्य नसतं. ‘अवैध ईमेल’ म्हणून लाल अक्षरं दाखवतात. एका तिकिटाच्या अ‍ॅपने तर माझी गंमत केली. नोंदणीच्या वेळी चिन्ह मुकाट्याने घेतलं आणि लॉगिनच्या पानावर नाकारलं. गणपतीला यायचं तिकीट त्या खात्यात, आणि मी बाहेर. म्हणून माझा नियम: जिथे पैसे किंवा प्रवेश अडकलाय तिथे आधी नोंदणी करून, बाहेर पडून, परत आत जाता येतंय ना हे बघायचं. लगेच, त्याच दिवशी.

टिंबांचा उलटा खेळही होतो. जेम्स फिशर नावाच्या प्रोग्रामरने २०१८ मध्ये स्वतःचा अनुभव लिहिला होता. नेटफ्लिक्सचा मेल आला की कार्ड चालत नाही, नवीन द्या. मेल खरा होता, नेटफ्लिक्सकडूनच होता. पण खातं त्याचं नव्हतं. कोणीतरी त्याच्याच पत्त्यात टिंब वेगळ्या जागी टाकून दुसरं खातं उघडलं होतं. नेटफ्लिक्सच्या लेखी ते दोन ग्राहक, जीमेलच्या लेखी एकच माणूस. त्याने कार्ड दिलं असतं तर दुसऱ्याचं बिल भरलं गेलं असतं. पैसे मागणारा मेल आला की ‘कोणाला’ ही ओळ उघडून बघायची सवय लावा. टिंबं तुम्ही लावता तशीच आहेत का?

मुखवटे

खरोखर लपायचं असेल तर मुखवटा पत्ता लागतो. तुम्ही समोरच्याला एक भलताच पत्ता देता. त्यावरचा मेल मधली सेवा तुमच्या खऱ्या पेटीत पोहोचवते. त्रास व्हायला लागला की तो एकच पत्ता बंद. आयफोनवाल्यांकडे ‘हाइड माय ईमेल’ आहे. ‘साइन इन विथ अ‍ॅपल’बरोबर फुकट, आणि हवे तेव्हा हवे तेवढे पत्ते काढायचे तर आयक्लाउड प्लस घ्यावं लागतं. अँड्रॉइडवर फायरफॉक्स रिले आहे, त्यात पाच पत्ते फुकट मिळतात. डकडकगोची सेवा फुकट आहे आणि ती मेलमध्ये दडवलेले ट्रॅकरही काढून टाकते. सिंपललॉगिन ही सेवा २०२२ मध्ये प्रोटॉनने घेतली. मी स्वतः यातल्या दोन वापरतो.

वापरतो ते कुठे? कूपन, वायफायचं लॉगिन, एकदाच लागणारी पीडीएफ, ‘मोफत वेबिनार’, मोबाईल गेम. बँक, परीक्षा, डिजिलॉकर, नोकरीचा अर्ज यांना कधीच नाही. मधली सेवा उद्या बंद झाली, किंवा तिचा पासवर्ड हरवला, तर त्या पत्त्यावर येणारी प्रत्येक ‘पासवर्ड बदला’ लिंक हवेत. जी गोष्ट पाच वर्षांनी लागणार आहे तिला पाच वर्षं टिकेल असाच पत्ता द्यायचा.

एवढी उठाठेव का, असं विचाराल. मे २०१७ मध्ये झोमॅटोच्या सुमारे १ कोटी ७० लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे २ कोटी ग्राहकांची. २०२१ मध्ये एअर इंडियाने ४५ लाख प्रवाशांची माहिती गळाल्याचं कळवलं. एकेक फाइल घेतली तर फार काही वाटत नाही. पण तिन्ही समोर ठेवून एकच ईमेल शोधला, तर हा माणूस बाहेरचं मागवतो का, किराणा कुठल्या पत्त्यावर येतो आणि विमानाने प्रवास करतो का, हे एका ओळीत येतं. वेगवेगळ्या फाइलींना शिवणारा धागा म्हणजे तुमचा ईमेल. प्रत्येक ठिकाणी वेगळा पत्ता दिला की धागा तुटतो. ट्रॉय हंट यांची ‘हॅव आय बीन पॉन्ड’ ही साइट २०१३ पासून चालू आहे. तिथे तुमचा आयडी टाकून बघा. माझ्या ‘किंग’ने अर्धा डझन ठिकाणी हजेरी लावलेली निघाली.

अर्थात प्रामाणिकपणे सांगायचं तर भारतात हा धागा अर्धाच तुटतो. कारण इथे प्रत्येक अ‍ॅपला मोबाईल नंबर लागतो, आणि नंबर सगळीकडे एकच. ईमेलला दहा नावं देता येतात, नंबरला नाही. चहाच्या दुकानातल्या ऑफरलासुद्धा नंबर मागतात तेव्हा ‘नको’ म्हणायचं धैर्य हाच सध्या उपाय.

कायदा येतोय, पण त्याच्या गतीने. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमती, माहिती पुसून मागण्याचा हक्क, गळती झाली तर ग्राहकाला कळवणं, ही मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. म्हणजे २०२७ चा मे उजाडेल. तोवर ‘+पिझ्झा’वाल्या पत्त्यावर कर्जाच्या जाहिराती यायला लागल्या, तर निदान माझा पत्ता कुठून बाहेर पडला हे मला कळेल. तक्रार लिहिताना तेवढा पुरावा हाताशी असलेला बरा.

जानेवारीतली दुसरी बातमी

याच सुमारास आणखी एक बदल होतोय, आणि लोक दोन्हीची गल्लत करतायत. काही जण याहू किंवा रेडिफची वेगळी पेटी ठेवून तिच्यातले मेल जीमेलमध्ये ओढून घेत होते. वेबवरच्या जीमेलची ती ओढण्याची सोय, म्हणजे पॉप आणि जीमेलिफाय, जानेवारी २०२६ पासून बंद होणार असल्याचं गूगलने कळवलंय. एका पेटीला अनेक नावं, आणि अनेक पेट्यांचं पाणी एका हौदात, या वेगळ्या गोष्टी आहेत. बंद होतेय ती दुसरी. फोनच्या जीमेल अ‍ॅपमध्ये ते खातं आयमॅपने वेगळं जोडता येतं. रेडिफवर अजून कुणाचं काही येत असेल (आमच्या काकांचं येतं, बागेच्या पेट्यांच्या ऑर्डरी जुन्या गिऱ्हाइकांकडून तिथेच येतात) तर मार्ग तोच.

काकांवरून आठवलं. ते आता हापूससाठी स्वतःची साइट काढायच्या विचारात आहेत. स्वतःचं डोमेन घेतलं की पोस्टमनही आपणच. गूगल वर्कस्पेसमध्ये एका माणसाला जादा पैसे न देता तीसपर्यंत पर्यायी पत्ते मिळतात: ऑर्डर वेगळा, तक्रार वेगळा, पेटी एकच. आणि मुख्य म्हणजे स्पेलिंग. पूर्णगड रोमनमध्ये कोणी एक ‘यू’ने लिहितं, कोणी दोन ‘ओ’ने, शेवटी ‘डी’ की ‘आरएच’ यावरही एकमत नाही. ‘@’च्या डावीकडे ही सगळी स्पेलिंगं पर्यायी पत्ते म्हणून ठेवली की गिऱ्हाइकाने काहीही लिहिलं तरी ऑर्डर पोहोचते. डोमेनचं भाडं दरवर्षी भरायचं तेवढं विसरायचं नाही. चुकलं तर गावच दुसऱ्याच्या नावावर.

बहिणीच्या आयडीचं काय केलं, ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या दुकानात गेलो. दुकानदारांनी ओळखलं, चहा मागवला. कशासाठी आलोय हे सांगितल्यावर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खणातून जाड वही काढली, तिचं पान शोधलं, पासवर्ड वाचून दाखवला आणि त्यांच्या फोनवर आलेला कोडही दिला. तिथेच बसून रिकव्हरी फोन बदलला, रिकव्हरी ईमेल टाकला, पासवर्ड बदलला, दुकानातलं मशीन साइन-आउट केलं. त्यांनी तिच्या नावावर लाल पेनने काट मारली. आठवडा गेल्यावर मी पुण्याहून फोन केला तेव्हा तिच्या खात्यात नाव बदलण्याचा पर्याय अजून आलेला नव्हता. फॉर्मची मुदत त्यासाठी थांबणार नव्हती. तिने सीईटीचा फॉर्म चुकलेल्या आडनावाच्याच पत्त्याने भरला, नुसत्या. अधिकचं चिन्ह लावायला मी सांगितलं होतं, पण पानाने ते घेतलं नाही.

दुकानातून निघताना ती वही मी जरा चाळून पाहिली होती. ओळीने नावं, आयडी, पासवर्ड, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येकापुढे तोच एक मोबाईल नंबर. दुकानदार म्हणाले, “आता या बाकीच्या पोरांना कसं कळवू, ते सांग. मेल टाकू का?” मी म्हटलं, टाका. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की त्यातली निम्मी पोरं तो इनबॉक्स उघडतच नाहीत.